खाँसाहेबांचा पंचम

इटालियन ऑपेरात बॅरिटोनच्या वाट्याला नायिका क्वचितच येते. नायिकेवर प्रेम करायचं, तिच्यासाठी मरायचं, मरताना उंच स्वरावर थांबून राहायचं, हे सगळं टेनरचं. अगदी खालचा, खर्जातला बास हा राजाचा, धर्मगुरूचा, नाहीतर म्हाताऱ्याचा आवाज. या दोघांच्या मध्ये जो भरीव पुरुषी आवाज असतो तो बॅरिटोन. संगीतकार त्याला बाप करतात, भाऊ करतात किंवा दुष्ट माणूस करतात. व्हेर्दीने मात्र या मधल्या आवाजाला फार जीव लावला. त्याचा रिगोलेत्तो, मॅकबेथ, इयागो आणि म्हातारपणी लिहिलेला फालस्टाफ ही सगळी या आवाजाची माणसं. ज्याच्या बाजूने प्रेक्षक बसायला तयार नाही, त्याच्याच गळ्यात सगळ्यांत खोल संगीत घालायचं, हे व्हेर्दीने ओळखलं होतं.

'रिगोलेत्तो' १८५१ साली व्हेनिसला पहिल्यांदा रंगभूमीवर आला. रिगोलेत्तो हा दरबारातला कुबडा विदूषक. दुसऱ्यांच्या दुःखाला हसणं हेच त्याचं पोट. घरात मात्र त्याने एक मुलगी जगापासून लपवून ठेवलेली आहे. दरबारी लोक तिला पळवतात. दुसऱ्या अंकात तो दरबारात येतो तेव्हा काहीच झालं नाही असं दाखवत, गुणगुणत येतो आणि डोळ्यांनी मुलीला शोधत राहतो. मग ती आतल्या दालनात आहे हे त्याला कळतं आणि तो फुटतो. आधी शिव्याशाप, दारावर धडका. दार उघडत नाही तेव्हा रडू. आणि शेवटी ज्यांना शाप दिले त्यांच्याच पायाशी भीक. संताप, रडू आणि याचना, हे तिन्ही एकाच गाण्यात, एका दमात येतात. तीतो गोब्बी हे गाणं गातो तेव्हा आवाज चढत चढत जात नाही, तर उतरत उतरत जातो. याचनेपर्यंत येताना त्यातला लोखंडाचा अंश संपलेला असतो, उरतो तो फक्त बाप.

गोब्बीच्या आधीही इटलीत याहून मोठ्या आवाजाचे बॅरिटोन होऊन गेले. गोब्बीचं मोठेपण आवाजाच्या आकारात नाही. प्रत्येक भूमिकेला त्याने आवाजाचा वेगळा रंग दिला, त्यात ते आहे. २४ ऑक्टोबर १९१३ला उत्तर इटलीतल्या बास्सानो देल ग्राप्पा या गावी तो जन्मला. पादुआला कायदा शिकत होता. घरोब्यातल्या एका सरदाराने त्याचं गाणं ऐकलं आणि गळा वाया घालवू नकोस म्हणून त्याला गाणं शिकायला लावलं. रोमला जूलियो क्रीमी या टेनरकडे चाचणी द्यायला गेला तेव्हा पियानोवर साथीला जी मुलगी बसली होती, तिच्याशी पुढे त्याचं लग्न झालं. १९३५ साली गुब्बियो नावाच्या लहान गावात तो पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहिला. पुढे शंभराच्या आसपास भूमिका. पण जगाने त्याला लक्षात ठेवलं ते पुच्चीनीच्या 'तोस्का'तल्या स्कार्पियासाठी. स्कार्पिया हा रोमचा पोलीसप्रमुख, धर्माचा आणि सत्तेचा माज एकाच अंगरख्यात घालून वावरणारा. १९६४ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये मारिया कॅलाससोबत त्याने तो केला. त्या प्रयोगाचा दुसरा अंक चित्रित झाला आणि टिकला.

तो अंक मी नायगावात, घराच्या गच्चीवर, मोबाईलवर पाहिला. नायगाव बाजार, नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. खाली मोंढ्यात सोयाबीनची पोती उतरत होती आणि स्क्रीनवर स्कार्पिया जेवणाच्या टेबलाशी बसून एका बाईची किंमत ठरवत होता. इटालियन भाषेचं एक अक्षर मला कळत नाही. तरी पाच मिनिटांत माझ्या तोंडून निघालं, हा तर आपला खाँसाहेब. टेबलावरच्या सुरीने तोस्का त्याला मारते तेव्हा मला दुसरीच एक कट्यार आठवत होती.

'कट्यार काळजात घुसली'चा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७चा. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी, संस्था नाट्यसंपदा. खाँसाहेब आफताब हुसेन झाले होते वसंतराव देशपांडे, पंडित भानुशंकर झाले भार्गवराम आचरेकर, आणि खाँसाहेबांची मुलगी झरीना झाल्या फैयाज. गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. विश्रामपूर संस्थानात राजगायकाचा मान स्पर्धेतून मिळतो. हा मान वर्षानुवर्षं पंडितजींकडे जातो आणि खाँसाहेब हरत राहतात. मग पंडितजींना शेंदूर खाऊ घातला जातो, त्यांचा गळा बसतो, मान खाँसाहेबांना मिळतो. त्या मानासोबत हवेली येते आणि एक कट्यारही येते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. पंडितजींकडे गाणं शिकायला निघालेला सदाशिव त्या हवेलीत पोचतो तेव्हा त्याला खाँसाहेब भेटतात. ते त्याला शिकवायला तयार नसतात. मग तो तिथे नोकर बनून राहतो आणि त्यांचं गाणं चोरून ऐकत शिकतो.

नायकाची जागा सदाशिवची आहे, सहानुभूती पंडितजींची आहे. आणि संगीत? संगीत सगळं खाँसाहेबांकडे वाहत गेलं आहे. हे दारव्हेकरांनी ठरवून केलं की अभिषेकींच्या हातून झालं, याचा खल मी करत नाही. मराठी संगीत नाटकाचा नायक म्हणजे साधारणपणे टेनरच. १८८०च्या 'शाकुंतल'पासून प्रेम करणारा, विरहात जळणारा, चढ्या पट्टीत गाऊन पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा नायकच गाण्याचा मालक. लोकांनी वन्समोअर मागितले तेही त्यालाच, नाहीतर नायिकेला. 'कट्यार'मध्ये हा मान प्रथमच हरलेल्या, कडवट, मत्सरी, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला मिळाला. मराठी रंगभूमीला तिचा बॅरिटोन मिळाला तो त्या दिवशी.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. आवाजाच्या मापाने वसंतराव बॅरिटोन नव्हते. त्यांचा आवाज ढाला नव्हता, खर्जात पसरून बसणारा नव्हता. तो धारदार होता, वरच्या सप्तकात मोकळा खेळणारा होता आणि त्याला किंचित अनुनासिक कड होती. दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्यावर त्यांचा जीव होता आणि ती आक्रमक झेप त्यांच्या गळ्यात दिसते. बॅरिटोन म्हणतो ते त्यांच्या जागेला. गोष्टीत ज्या माणसाला आपण दोषी ठरवायला बसलो आहोत, त्याच्या बाजूने गाणारा गळा. त्या अर्थाने गोब्बी आणि वसंतराव एकाच पंक्तीला बसतात.

त्यांच्या आयुष्याच्या तारखाही मला जवळजवळ ठेवाव्याशा वाटतात. गोब्बी गुब्बियोत उभा राहिला १९३५ला. त्याच साली 'कालियामर्दन' या चित्रपटात कृष्णाच्या भूमिकेत वसंतराव दिसले. नागपूरच्या या मुलाला भालजी पेंढारकरांनी हेरलं होतं. वसंतरावांचा जन्म २ मे १९२०, मूर्तिजापूरचा. आई राधाबाई सासर सोडून नागपूरला आल्या आणि एकट्याने त्यांनी मुलाला वाढवलं. तिथल्या सप्रे गुरुजींच्या गाण्याच्या शाळेत वसंतरावांसोबत रामचंद्र चितळकर नावाचा मुलगा शिकत होता. तो पुढे सी. रामचंद्र झाला. गोब्बीला पंचविशीत रोमचं ऑपेरागृह मिळालं. वसंतरावांना मात्र पुण्याच्या मिलिटरी अकाउंट्सची कचेरी मिळाली. १९४२च्या सुमारास ते तिथे चिकटले आणि दोन तपांच्या आसपास आकडेमोड करत राहिले. सकाळी कचेरी, रात्री मैफल. मध्ये नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, बदली झाली. पु. ल. देशपांड्यांसारख्या मित्रांनी धीर दिला तेव्हा कुठे नोकरी सुटली. 'कट्यार' आलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

सत्तेचाळीस. ऑपेरातला बॅरिटोन याच वयात पिकतो म्हणतात. खाँसाहेबांची तहान पंचविशीतल्या माणसाला गाता आली नसती, असं मला मनापासून वाटतं. इतकी वर्षं आपलं गाणं बाजूला ठेवून पगार आणणाऱ्या माणसालाच, दरवर्षी मान दुसरीकडे जाताना बघणं काय असतं ते ठाऊक असतं.

आता गाण्याकडे येऊ. आमच्या घरी 'कट्यार'ची कॅसेट होती. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. नांदेडहून आणलेली ती कॅसेट त्यांनी इतकी वाजवली की एका बाजूला फीत ताणली गेली आणि तिथे सूर जरा लांबायचा. घरात कुणी हे नाटक पाहिलेलं नव्हतं. आमच्यासाठी ते ऐकायचंच नाटक होतं. आजोबा बाजेवर पडून विचारायचे, "काय ऐकूलालास रे?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःही ऐकत राहायचे.

त्या कॅसेटमध्ये मला लहानपणी न उलगडलेली एक गोष्ट होती. 'घेई छंद' हे एकच पद दोनदा येतं आणि दोन्ही वेळा वेगळं असतं. मला वाटायचं, कंपनीची चूक झाली असेल. चूक नव्हती. तीच या नाटकाची सगळ्यांत मोठी सूक्ष्मता होती. शब्द तेच, कवितेतला भुंगा तोच, त्याला मधाचा ध्यास आहे तोही तोच. पण पंडितजींच्या गायकीत ते सालगवराळी रागात येतं आणि खाँसाहेबांच्या तोंडी धानीत. दोन घराण्यांचा वाद नाटकात संवादांनी सांगता आला असता. अभिषेकींनी तो वाद दोन चालींत ठेवला आणि निकाल श्रोत्याच्या कानावर सोडला.

सालगवराळीतली चाल ऐका. स्वर एकमेकांना धरून येतात, शब्द पूर्ण उमलू दिला जातो, तान आली तरी ती शब्दाच्या मागून येते. इथला भुंगा फुलावर बसलेला आहे. मध त्याला मिळतो आहे, तो चवीने घेतो आहे. म्हणून हे गाणं शांत आहे. शांत म्हणजे थंड नव्हे. ज्याच्या घरात मान वर्षानुवर्षं येत राहिला त्याचं हे गाणं आहे आणि ते सुंदर आहे. पंडितजी जिंकत होते ते अन्यायाने नव्हे, हे या चालीवरून पटतं.

मग वसंतराव येतात. धानी हा पाच सुरांचा राग. त्यात रिषभ आणि धैवत नाहीत म्हटलं तरी चालेल. म्हणजे जिन्यातल्या दोन पायऱ्या काढलेल्या. एखादा गायक त्या मोकळ्या जागांवरून मींड घेऊन अलगद सरकेल. वसंतराव त्या उड्या मारून ओलांडतात. तान कुठून उठेल सांगता येत नाही. ओळीच्या मध्येच उठते, शब्द अर्धा सोडून वर जाते, आता पडली असं वाटतं तोच तिरकी वळून समेवर पाय ठेवते. आमचे वडील दर वेळी त्या जागी मांडीवर हात मारायचे, आणि शंभरदा ऐकूनही त्यांचा हात क्षणभर उशिरा पडायचा. इतक्यांदा ऐकूनही ती सम त्यांना पाठ झाली नाही.

इथला भुंगा बसत नाही. फुलावरून फुलावर, पानावर, फांदीवर, पुन्हा फुलावर. मी बरीच वर्षं समजत होतो की ही खाँसाहेबांची बढाई आहे, गळा दाखवणं आहे. आता तसं वाटत नाही. ज्याला मध मिळालेला नाही त्याचं हे उडणं आहे. पंडितजींच्या गाण्यात छंद आहे, खाँसाहेबांच्या गाण्यात छंदामागची उपाशी रात्र आहे. शब्द एकच असल्यामुळे हा फरक लपायला जागाच राहत नाही. रिगोलेत्तोने एका गाण्यात तीन माणसं दाखवली. इथे एका पदात दोन आयुष्यं समोरासमोर उभी राहतात. जगातल्या कुठल्याही संगीत रंगभूमीला अभिमान वाटावा अशी ही रचना आहे.

'सुरत पिया की'मध्ये हीच अस्वस्थता दुसरं रूप घेते. एका रागात मावत नाही म्हणून गाणं रागामागून राग बदलत जातं. ती रागमाला मला आवडते, पण धानीइतकी नाही. तिथे कसब थोडं पुढे येतं.

हवेलीत राहायला आल्यावर खाँसाहेब जुन्या घरातल्या मवाळ सुरांना निरोप देतात आणि आता नवं गाणं घुमेल असं गाऊन सांगतात. हे गाणं वाचलं तर उद्धट वाटतं. ऐकलं तर त्यात ज्याच्या घरात आपण उभे आहोत त्याची भीती ऐकू येते. भिंतींनी आधीच्या माणसाचे सूर धरून ठेवलेत, ते निघत नाहीत, म्हणून हा आवाज चढवतो आहे. स्कार्पियाही दुसऱ्या अंकात असाच मोठ्याने बोलतो आणि गोब्बी त्या मोठ्या बोलण्याच्या मधोमध एक अगदी हलका स्वर ठेवून देतो. तिथेच माणूस उघडा पडतो.

आता एक अवघड मुद्दा. पंडितजी सोज्वळ, सोशिक; खाँसाहेब कडवट, मत्सरी. एक हिंदू, एक मुसलमान. या गोष्टीकडे त्या एकाच नजरेने पाहणारे पाहतात आणि संहितेत तशी वाट आहे हे मी नाकारत नाही. पण वसंतरावांनी ती वाट बुजवली. त्यांनी स्वतः गाणं आणलं होतं ते मुसलमान उस्तादांच्या पायाशी बसूनही. तरुणपणी लाहोरला असद अली खाँसाहेबांनी त्यांना मारवा दिला, असं सांगतात. मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडून आणि अंजनीबाई मालपेकरांकडून त्यांनी घेतलं, किराण्याच्या सुरेशबाबू मान्यांकडून घेतलं. म्हणून एका घराण्याचा शिक्का त्यांच्यावर बसला नाही आणि ती तक्रार त्यांना आयुष्यभर ऐकावी लागली. खरं पाहिलं तर वसंतराव जन्मभर सदाशिव होते. दारोदार जाऊन, मिळेल तिथून, मिळेल तेवढं उचलणारे. रंगभूमीवर त्यांना सदाशिवला हाकलणाऱ्याची भूमिका मिळाली. खाँसाहेबांचा राग ते गातात तेव्हा त्या रागात हाकललेल्याची जाण असते. म्हणून तो राग परका वाटत नाही.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तर तो मुळीच परका वाटला नाही. आमचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आजोबा शाळेत उर्दू शिकले. त्यांची सही उर्दूत होती आणि हरिपाठ मराठीत. त्या राजवटीने दिलेल्या जखमा त्यांच्या पिढीला ठाऊक होत्या, त्या ते विसरले नाहीत. पण रझाकारांचा राग त्यांनी भाषेवर काढला नाही. घरात 'जरूर', 'फुरसत', 'दस्ती' हे शब्द आमचेच होते, आजही आहेत. पलीकडे देगलूर-बिलोलीकडे गेलं की त्यात तेलुगू मिसळतं. खाँसाहेबांची ती उर्दू वळणाची बोली पुण्याच्या प्रेक्षकाला वेशभूषेचा भाग वाटत असेल. नायगावात ती शेजारच्या घरातून ऐकू यायची. आमचे कानही एकाच प्रकारच्या गाण्यावर वाढले नाहीत. पहाटे देवळात काकडा, नांदेडला गेलं की गुरुद्वाऱ्यात रागदारीतलं शबदकीर्तन, कंधारच्या उरुसात कव्वाली. अशा कानांना एका गळ्यात दोन-चार घराणी नांदली तर त्यात विसंगती सापडत नाही.

आणि म्हणूनच मला 'तेजोनिधी लोहगोल' या पदाशी थांबायचं आहे. हे सूर्याचं स्तवन आहे. संस्कृतप्रचुर शब्द, जड जोडाक्षरं, एखाद्या वैदिकाने म्हणावं असं. आणि ते गातात वसंतरावांचे खाँसाहेब. दारव्हेकरांनी ही गोष्ट सांगून दाखवली नाही, तिच्यावर भाषण लिहिलं नाही. मत्सरी माणूस सूर्यापुढे उभा राहतो आणि काही मिनिटं त्याच्यात मत्सर उरत नाही, एवढंच. स्कार्पियाही पहिल्या अंकाच्या शेवटी देवळात उभा असतो, भोवती प्रार्थना चालू असते आणि त्या प्रार्थनेच्या सुरांवर तो आपली वासना गातो. तिथे पुच्चीनीने प्रार्थनेने माणूस अधिक काळा करून दाखवला. अभिषेकींनी उलट केलं. प्रार्थनेने माणूस धुऊन काढला. दोन्ही युक्त्या थोर आहेत. मला दुसरी जवळची वाटते.

राग ललतपंचम. ललत हा पहाटेच्या आधीचा राग, दोन मध्यम शेजारी शेजारी लागतात आणि पंचम लागतच नाही. तो नसतो म्हणून ललतात पायाखाली जमीन नसल्यासारखं वाटतं, अंधार सरला नाही आणि उजेडही आला नाही असं. ललतपंचमात तो गैरहजर पंचम येतो. अभिषेकींनी सूर्याच्या पदासाठी हा राग निवडला त्याचं कारण इथेच असावं. दोन मध्यमांच्या काळोखात चाचपडत चाललेला गळा पंचमावर पाय टेकतो आणि उजाडतं. वसंतराव हा पंचम गाजवत नाहीत. धानीत उड्या मारणारा हाच गळा इथे एकेका स्वरावर उभा राहतो, त्याला पुरेसा वेळ देतो. शब्द जड आहेत, पण ते दगडासारखे पडत नाहीत, मोकळे सुटतात. तान येते ती वरच्या दिशेने पसरत जाते, किरणं पसरावीत तशी, आणि शेवटी परत येते त्याच पंचमाशी. इथे त्यांची नेहमीची तिरकी चाल नाही. इथे सम दिसते, येते, आणि आपण तिची वाट बघत असतो तिथेच भेटते.

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस १९११ साली इंग्रजांच्या हौसेतून उभं राहिलं, मग तिथे आमची नाटकं झाली, मग सिनेमे आले, १९९३मध्ये ते बंद पडलं आणि २०१६ला पुन्हा उघडलं. त्या सज्ज्यांखाली कधी हे पद ऐकायला मिळालं तर मी नांदेडहून रात्रीची गाडी धरीन. सारंगी-तबल्यावरचं गाणं असल्या वास्तूत बसेल का, असं कुणी विचारलं तर व्हेर्दीच्या बापांची आणि स्कार्पियाची दुःखं बसली तिथे खाँसाहेबांचं का बसू नये, एवढंच मी म्हणेन.

३० जुलै १९८३ला वसंतराव गेले. ५ मार्च १९८४ला रोमला गोब्बी गेला. सात महिन्यांचं अंतर. २०१५ साली 'कट्यार'चा चित्रपट आला तेव्हा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे त्यात गायले आणि नव्या मुलांच्या फोनवर खाँसाहेब आले. पुढे 'मी वसंतराव'मध्ये त्यांनी आजोबांची भूमिकाही केली. चांगलं गायले. पण माझ्या कानात ती ताणलेल्या फितीची कॅसेटच आहे, ज्यात एका जागी सूर लांबतो.

आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे एका चाचांचं शिलाईचं दुकान होतं. वडिलांपेक्षा वयाने मोठे. सकाळी लवकर मशीनवर बसायचे, कारण दुपारी वीज नसायची आणि पत्र्याखाली उन्हाने बसवत नसे. वडील शाळेला निघण्याआधी कॅसेट लावायचे आणि आवाज जरा मोठा ठेवायचे. चाचांचं मशीन त्याच्यावर खडखडत राहायचं. भुंग्याचं गाणं आलं की मशीन चालूच, रागमाला आली तरी चालूच. 'तेजोनिधी' लागलं की थोड्या वेळाने खडखड थांबायची. मी ओट्यावरून बघायचो. पायडलवरचा पाय उचललेला, उजवा हात चाकावर टेकवून त्यांनी ते धरून ठेवलेलं. कापडावर सुई तशीच रुतलेली. पंचम येऊन जायचा. गाणं संपलं की ते तिथूनच म्हणायचे, "गुरुजी, वो सूरजवाला फिरसे लगाव नां," आणि वडील कॅसेट उलटी फिरवायचे. ती फिरेपर्यंत चाचा हात चाकावरून काढायचे नाहीत.